नदीकाठचे गाव निवडताना

मुंबई सोडायची हा विषय आमच्या घरात पहिल्यांदा निघाला, त्या रात्री आमच्या सासूबाई जेवल्या नाहीत. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. लग्न होऊन त्या नायगावच्या बी.डी.डी. चाळीत आल्या, त्याला पन्नास वर्षे होऊन गेली. एकशे साठ चौरस फुटांची खोली. तेवढ्या जागेत त्यांची चार मुले लहानाची मोठी झाली, दोन लेकींची लग्ने ठरली, मामंजींचे शेवटचे आजारपण निघाले. खाली उतरले की ओळखीची माणसे, पाच मिनिटांवर विहार आणि ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे चालत जाण्याची सोय. हे सगळे सोडून "कुठल्या रानात" जायचे, हा त्यांचा प्रश्न होता.

पण खोली थोरल्या दिरांच्या नावावर. चाळींचा पुनर्विकास सुरू झाला, तेव्हा नव्या इमारतीतली जागा त्यांच्या कुटुंबाची होणार हे उघडच होते. त्यात भांडणाचे कारण नव्हते. आमच्या पुढे मात्र स्वतःचे छप्पर शोधण्यावाचून मार्ग नव्हता. ह्यांची नोकरी भायखळ्याला, फिटरची. मी परळला एका दवाखान्यात आया. जवळ होते ते ह्यांच्या भविष्य निर्वाह निधीतले पैसे, माझे मोडलेले दागिने आणि बँक देईल तेवढे कर्ज. म्हणजे आयुष्यात एकदाच होणारी खरेदी. ती चुकली तर सुधारायला दुसरे आयुष्य नाही. आत्या म्हणाल्या, "मी नातीला सोडून ऱ्हाणार न्हाय. पण जागा बघायला मला संगती न्यायची."

त्यांना बरोबर नेले हे किती चांगले झाले, ते पुढे येईलच.

कल्याणच्या पुढे

मुंबईत आणि ठाण्यात आमच्या ऐपतीचे काही नव्हते. कल्याणपासून रेल्वेचे दोन फाटे होतात, एक कसाऱ्याकडे आणि एक कर्जतकडे. या दोन्ही वाटांवर कामगार माणसाला परवडतील अशी गावे आहेत आणि गंमत अशी, की त्यांतली बरीचशी नदीच्या काठाला आहेत. कसाऱ्याच्या वाटेवर टिटवाळा, काळू नदीजवळ. कर्जतच्या वाटेवर अंबरनाथ, तिथे वालधुनी. त्याच्या पुढचे स्टेशन बदलापूर, तिथे उल्हास. काळू आणि वालधुनी या दोघीही अखेर उल्हासलाच मिळतात.

टिटवाळा आम्ही एकदा पाहून आलो. ह्यांना पाळीच्या वेळी गाड्यांचे जमेना, म्हणून ते मागे पडले. अंबरनाथला ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले आमचे एक नातेवाईक आहेत. गाव जुने, सोयीचे. पण मनाजोगती जागा आमच्या पैशांत बसेना. शिवाय वालधुनीचे पाणी पाहून आमच्या मुलीने नाक दाबले. कारखान्यांच्या सांडपाण्याने या नदीचा नाला झाला आहे. ज्या नदीकाठी १०६० साली बांधलेले दगडी शिवालय उभे आहे, ती हीच नदी, हे तिला खरेच वाटेना.

राहिले बदलापूर. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे ६८ किलोमीटर. दादरहून जलद लोकलने सव्वा तासाच्या आसपास. २००१ च्या जनगणनेत कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ मध्ये ती पावणेदोन लाखांच्या जवळ गेली. म्हणजे आमच्यासारखीच माणसे तिथे येत होती.

फेब्रुवारीतली नदी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आम्ही चौघे निघालो. लोकल रिकामी होती. अंबरनाथ सोडल्यावर डोंगर दिसू लागले आणि मुलगी खिडकीला चिकटली. स्टेशनवर जागा दाखवणारा एजंट उभाच होता. त्याने आम्हांला पश्चिमेला नदीच्या बाजूला नेले. नवी इमारत, तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे मोकळी हवा. दर आजूबाजूच्या मानाने कमी. खिडकीतून नदी दिसत होती.

खरे सांगायचे तर मी त्या नदीला भुलले. उन्हाळा तोंडावर आलेला, तरी पाणी वाहत होते. खडकांवर बायका धुणे धूत होत्या, पलीकडे बगळे. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघते, कर्जत, नेरळवरून बदलापूरला येते, पुढे कल्याणवरून वसईच्या खाडीला मिळते. कोकणातल्या किती तरी नद्या शिमग्याला आटतात. ही वाहती राहते, याचे एक कारण म्हणजे भिवपुरीचे टाटांचे वीजघर. डोंगरावरच्या धरणाचे पाणी वीज तयार करून उल्हासमध्ये सोडले जाते. बदलापूरजवळ या नदीवर बंधारा आहे, त्याला इकडे 'बॅरेज' म्हणतात. तिथून बदलापूर आणि अंबरनाथ या दोन्ही शहरांना नळाचे पाणी जाते.

हे म्हणाले, "तळमजला आहे, आत्याला जिना नको. दर बरा आहे. टोकन देऊन टाकू."

आत्या मात्र खिडकीपाशी नव्हत्याच. त्या बाहेर एका बाभळीखाली उभ्या राहून वर बघत होत्या. फांद्यांना प्लॅस्टिकच्या पिशव्या, चिंध्या, वाळका पेंढा अडकला होता. माणसाच्या डोक्याच्या वर.

"ही फडकी कोणी वाळत घातली?" त्यांनी एजंटला विचारले.

तो हसला. "आजी, वाऱ्याने येतात. इथे पाणी कधीच येत नाही. आलेच तर दोन तासांत ओसरते."

"कधीच येत न्हाय म्हनतोस, आन दोन तासात वसरतं म्हनतोस. दोन्ही कसं खरं?"

आत्या महाडकडच्या. सावित्रीच्या काठी त्यांचे माहेर. २०२१ च्या जुलैत महाड बुडाले, तेव्हा त्यांच्या भावाच्या घरातली धान्याची कणगी आणि बाबासाहेबांची तसबीर दोन्ही गेले. पूर कुठवर येऊन गेला हे झाडाला विचारायचे, माणसाला नाही, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून त्यांनी उगाच काडेपेटी घेतली आणि दुकानदाराला गोडीने बोलते केले. त्याने भिंतीवर हात ठेवून दाखवला. हात त्याच्या छातीपाशी होता. "२०१९ ला इथपर्यंत," तो म्हणाला.

आम्ही टोकन न देता परतलो.

पुराच्या तारखा

घरी येऊन जुनी कात्रणे पाहिली, ओळखीच्यांना विचारले. २६ जुलै २००५ च्या पावसात मुंबईबरोबर बदलापूरही पाण्याखाली गेले होते. २७ जुलै २०१९ ला उल्हासच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. रुळांभोवती समुद्रासारखे पाणी, आणि गाडीत हजाराहून अधिक माणसे. त्यांना बोटींनी बाहेर काढावे लागले. पुन्हा जुलै २०२१. दर वेळी पश्चिमेचा सखल भाग, हेंद्रेपाड्यासारख्या वस्त्या पाण्यात. बदलापूरला उल्हासची धोक्याची पातळी १७.५० मीटर धरली जाते. पावसाळ्यात हा आकडा इथल्या माणसांच्या तोंडी असतो, जसा मुंबईकराच्या तोंडी भरतीचा असतो.

म्हणजे सोळा वर्षांत तीन मोठे पूर. वीस वर्षांचे कर्ज काढून तळमजल्यावर घर घेणाऱ्याने हा हिशेब मांडायला नको का?

यात नदीचा दोष नाही. पावसाळ्यात पसरायला तिला काठ लागतो. तो काठ भरून त्यावर इमारत उभी केली, तर ती आपला काठ परत मागणारच. आणि त्या इमारतीत तळमजला कोण घेतो? ज्याला वरचा मजला परवडत नाही तो. पूर सगळ्यांना सारखा येतो असे म्हणतात, पण त्याचे पाणी आधी गरिबाच्या भांड्यांत शिरते.

आडनावाचा प्रश्न

दुसऱ्या खेपेला दुसऱ्या एजंटाने उंचावरची, चांगली जागा दाखवली. सगळे पसंत पडले. मग त्याने विचारले, "आडनाव काय म्हणालात?" ह्यांनी सांगितले. "गाव कुठले?" तेही सांगितले. तो घुटमळला, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "सरळ विचारा ना. आम्ही बौद्ध आहोत, जयभीमवाले." दोन दिवसांनी निरोप आला, की ती जागा आधीच कोणी तरी घेतली आहे. महिनाभराने त्याच जागेची पाटी आम्ही तिथे लटकलेली पाहिली.

मुलगी नववीत होती. तिने विचारले, "पप्पा, पुढच्या वेळी नुसते पहिले नाव सांगितले तर?" घरात बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आत्याच म्हणाल्या, "पोरी, नाव लपवून घर घेतलं, तर त्या घरात जन्मभर लपूनच ऱ्हावं लागंल. बाबांचा फोटो मोरीत लावशील का?"

हे इथे लिहिते, कारण आपल्यातली कितीतरी कुटुंबे नव्या गावात जाताना या वळणावर येतात. दर परवडतो, गाडी मिळते, पाणी मिळते आणि शेवटी आडनावापाशी गाडी अडते. काहीजण बाबासाहेबांची तसबीर आतल्या खोलीत हलवतात. त्यांना मी नावे ठेवत नाही. कुठल्या अडचणीतून ते गेले हे त्यांनाच ठाऊक. पण आम्ही त्या दिवशी ठरवले, की जिथे तसबीर दर्शनी भिंतीवर लावता येईल तिथेच राहायचे.

मग आम्ही उलट्या बाजूने सुरुवात केली. एजंटाकडे न जाता रविवारी सकाळी बदलापुरातल्या एका विहारात वंदनेला जाऊन बसलो. वंदना झाल्यावर चहा झाला आणि चहाबरोबर अख्खे गाव कळले. कोणत्या गल्लीत पाणी तुंबते, कोणत्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, कुठे नळाला दिवसाआड पाणी येते, कोणत्या शाळेत मास्तर खरेच शिकवतात. एका वयस्क उपासकांनी वहीच्या कागदावर नदी, रेल्वे आणि चढ-उतार काढून दिले. त्या कागदाइतका चांगला नकाशा आम्हांला दुसरीकडे मिळाला नाही.

१९२७ साल आणि पाणी

त्याच उपासकांनी आणखी एक गोष्ट सांगितली. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, हे आपल्या लहान मुलालाही माहीत असते. पण त्यानंतर दीडच महिन्याने, मे १९२७ मध्ये, बदलापूरच्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेब इथे आले होते. आत्यांना हे ठाऊक नव्हते. त्या एकदम सरसावून बसल्या. त्यांच्या आजीला चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. आणि बाबासाहेब तळ्यानंतर लगेच आले ते या गावी! त्या दिवसापासून बदलापूर त्यांच्यासाठी "कुठलं तरी रान" राहिले नाही.

परतताना गाडीत मी विचार करत होते. पाण्यासाठी आपल्या लोकांनी डोकी फोडून घेतली. आता आपण नदीच्या गावी घर घेऊ शकतो, घरात नळ घेऊ शकतो. पण पाण्यावरचा हक्क म्हणजे पाण्याची मालकी नव्हे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी रोहिणी नदीची हकिकत दिली आहे. शाक्य आणि कोलीय दोघेही त्या नदीवर शेती करणारे. पाणी आधी कोणाचे, यावरून युद्धाची पाळी आली. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला, आणि त्यातूनच त्याला घर सोडावे लागले. नदी ही वाटून घ्यायची, सांभाळायची गोष्ट आहे, हा त्यातला धडा आहे. काठ बुजवून घरे विकणाऱ्याने तो वाचलेला नसतो. पण घर घेणाऱ्याने तरी वाचावा.

आम्ही काय पाहिले

वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून सांगते.

पहिले म्हणजे, जागा उन्हाळ्यात पसंत करावी, पण पैसे पावसाळा पाहून द्यावेत. आम्ही जुलैत, दोन दिवस संततधार लागल्यावर मुद्दाम गेलो. बदलापूर गावाजवळच्या पुलावरून नदी पाहिली. फेब्रुवारीत खडकांवरून खळखळणारी ती हीच, यावर विश्वास बसेना. गढूळ, फुगलेली, अख्खी झाडे घेऊन धावणारी. पहिल्या इमारतीकडे जाणारा रस्ता पाण्यात होता. हे काही बोलले नाहीत, नुसते आत्यांकडे पाहिले.

दुसरे, पूररेषा. नदीच्या नकाशावर दोन रेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेच्या नगररचना विभागात जाऊन आपला सर्व्हे नंबर या रेषांच्या आत आहे की बाहेर, हे विचारावे. विचारायला लाजू नये. निळा रंग आपल्याला प्रिय खरा, पण या निळ्या रेषेच्या आत घर घेऊ नये!

तिसरे, कागद. इमारतीला महारेराचा नोंदणी क्रमांक आहे का, जुनी असेल तर भोगवटा प्रमाणपत्र आहे का, हे जाणत्या माणसाकडून तपासून घ्यावे. टोकन देण्याआधी, नंतर नाही.

चौथे, लोकल. रविवारची रिकामी गाडी पाहून फसू नये. हे रविवारी रात्री एका सहकाऱ्याकडे बदलापूरला मुक्कामाला राहिले आणि सोमवारी सकाळच्या गर्दीत भायखळ्याला कामावर गेले. संध्याकाळी आले ते शर्टाचे बटण तुटून. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये जागा मिळेल असे वाटते, पण अंबरनाथचे प्रवासी उलटे बदलापूरला येऊन जागा धरतात. कल्याण-बदलापूर तिसरा-चौथा मार्ग मंजूर झाला आहे, त्याने पुढे फरक पडेल. पण घर घेताना आजचा प्रवास धरावा, उद्याचा नाही. रोजचे तीन तास गाडीत जाणार, हे घरातल्या सगळ्यांनी आधी कबूल केलेले बरे. विशेषतः बाईने. कारण तिचा स्वयंपाक त्या तीन तासांच्या आधी आणि नंतर असतो.

पाचवे, माणसे. विहार कुठे, शाळा कुठे, दवाखाना कुठे, रात्री दाराशी कोण उभे राहील, हे पाहावे.

या सगळ्यांतून जी जागा उरली ती नदीपासून दूर, पूर्वेला, चढावर आहे. पहिला मजला, दोन लहान खोल्या. स्टेशन चालत वीस मिनिटे. खिडकीतून नदी दिसत नाही, समोरच्या इमारतीचा जिना दिसतो. पहिल्या जागेपेक्षा कर्जाचा हप्ता जास्त बसला. दोन वर्षे सणासुदीचे कपडे घेतले नाहीत. पण पावसाळ्याच्या रात्री आम्ही झोपतो.

कोंडाण्याची वाट

राहायला आल्यावर पहिल्या हिवाळ्यात विहारातल्या मंडळींबरोबर आम्ही कोंडाण्याची लेणी पाहायला गेलो. कर्जतला उतरून कोंडिवडे गावापर्यंत वाहनाने, पुढे तासभर रानातून चढण. राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हासच्या खोऱ्यात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेला चैत्य आणि विहार आहे. लाकडी घराच्या कमानी, सज्जे, तुळया जशाच्या तशा दगडात उतरवल्या आहेत. चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एक कोरलेली आकृती आहे आणि तिच्यापाशी ब्राह्मी अक्षरांत लिहिले आहे, की हे काम कण्हाचा शिष्य बलक याने केले. कोण्या राजाचे नाव नाही. हाताने काम करणाऱ्याचे नाव आहे. ह्यांनी, फिटर माणसाने, त्या कमानीवरून बराच वेळ नजर फिरवली आणि म्हणाले, "काय माप धरलंय!"

आत्या खालीच, गावात झाडाखाली बसल्या होत्या. आम्ही उतरल्यावर मुलीने त्यांना सगळे सांगितले. हेच पाणी खाली आपल्या गावी जाते, पुढे कल्याणला जाते. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या उपासकांनी दिलेल्या दानाचे लेख आहेत. नदी जिथे खाडीला मिळते, तिथून जवळ सोपाऱ्याचा स्तूप आहे. डोंगरापासून समुद्रापर्यंत या पाण्याच्या आसऱ्याने बुद्धाची माणसे राहत होती. आत्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "म्हंजे आपन नव्या गावाला न्हाय आलो. परत आलो."

६ डिसेंबरला त्या आजही चैत्यभूमीला जातात. पूर्वी चालत जात, आता पहाटेच्या लोकलने. गाडी रुळांवरून नदीच्या दिशेला वळते तिथे काही दिसत नाही, अंधार असतो. तरी त्या खिडकीतून तिकडे पाहतात. बाबांची तसबीर आमच्या दर्शनी भिंतीवर आहे. दार उघडले की जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्याला ती पहिली दिसते. शेजारच्या काकूंनी पहिल्याच आठवड्यात ती पाहिली. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या आठवड्यात वाटीभर साखर मागायला आल्या. यंदा भीमजयंतीला खिरीची वाटी त्यांच्याकडे गेली आणि रिकामी आली नाही.

ज्यांना इकडे जागा पाहायची असेल, त्यांनी जरूर यावे. मात्र भर पावसात यावे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरोबर आणावे.

जयभीम.